आधी तळ बघा, मग इंजिन

ज्यांना ऐकायला जमत नाही, किंवा ऐकताना आकडे निसटतात, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'बघा ना' थोडे गाळलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.

आजचा विषय बोटीचा. तुम्ही म्हणाल, चाकणला समुद्र कुठून आला? इथे आहे ती इंडस्ट्री, आणि नाशिक हायवेवरचा ट्रॅफिक. पण विषय आला तो आपल्याच एका श्रोत्याकडून. ते इथल्याच एका कारखान्यात इंजिनाच्या लाईनवर आहेत. त्यांचा मावसभाऊ मालवणात पर्यटकांना बोटीतून फिरवतो. त्याच्या बोटीला ४० हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन आहे, ते काढून ११५ चं बसवायचा विचार चाललाय. कर्ज काढायचं, वेग वाढवायचा, दिवसाला दोन फेऱ्या जास्त मारायच्या. श्रोत्यांचा प्रश्न असा: "सर, इंजिनातलं मला कळतं, पण हा हिशोब बरोबर आहे का?"

मी बोटीचा फोटो मागवला. किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असताना काढलेला, मागून आणि बाजूने. कारण या प्रश्नाचं उत्तर इंजिनाच्या कॅटलॉगमध्ये मिळत नाही. ते बोटीच्या पोटाखाली असतं.

गाडी घरंगळते, बोट थांबते

समजा नाशिक हायवे मोकळा मिळालाय. समजायला काय जातं? ऐंशीच्या स्पीडला गाडी न्यूट्रल केली तर ती बरंच अंतर आपोआप जाते. बोटीचं तसं नाही. थ्रॉटल सोडला की नाक खाली येतं आणि काही सेकंदांत बोट रांगायला लागते. कारण पाणी हवेपेक्षा साधारण आठशेपट दाट आहे. गाडीच्या डिझाइनमध्ये हवेला वाट करून देण्यासाठी आपण केवढी धडपड करतो! बोटीला तर पाण्याला वाट करून द्यायची असते, आणि तीसुद्धा क्षणोक्षणी.

बोटीला अडवणारे दोन मुख्य शत्रू. पहिला घर्षण. बोटीचा जेवढा भाग ओला, तेवढं पाणी त्याला धरून ओढतं. दुसरा लाट. बोट पुढे जाताना पाणी बाजूला ढकलते, त्याची लाट होते आणि ती लाट उठवायची ऊर्जा तुमच्या टाकीतूनच जाते. बोटीमागे पसरत जाणारा तो सुंदर फेसाळ पंखा फोटोत छान दिसतो, पण तो म्हणजे पाण्यात सांडलेलं इंधन आहे.

संथ चालताना घर्षण मोठं असतं. वेग वाढला की लाट झपाट्याने वरचढ होते. बोटीचा आकार ठरवायचा म्हणजे या दोघांशी तडजोड करायची.

स्वतःच्याच लाटेत अडकलेली बोट

हे शास्त्र नीट मांडलं ते विल्यम फ्रूड या इंग्रज इंजिनिअरने. १८६० च्या दशकात त्याने दोन आकारांची मॉडेलं पाण्यात ओढून पाहिली. एकाचं नाव हंस, दुसऱ्याचं डोमकावळा. डोमकावळ्याची टोकं धारदार, हंसाची भरलेली, गोलसर. बघणारा पैज लावेल ती धारदार मॉडेलवर. कमी वेगात ते खरंही ठरलं, पण वेग वाढल्यावर हंसाला कमी विरोध झाला. डोळ्यांना जे चपळ दिसतं ते पाण्याला चपळ वाटेलच असं नाही. पुढे फ्रूडने टॉर्की गावात मॉडेलं ओढून तपासायचा मोठा हौद बांधला. आजही नव्या जहाजांचे आकार अशाच हौदांमध्ये तपासले जातात. आपल्याकडे विशाखापट्टणमला नौदलाच्या संशोधनासाठी असा हौद आहे.

फ्रूडच्या कामातून समजलेली गोष्ट अशी. बोट चालते तेव्हा नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, एक लाट उठते. वेग वाढला की दोन लाटांमधलं अंतर वाढतं. एका वेगाला ते अंतर बरोबर बोटीच्या लांबीएवढं होतं. नाळ एका लाटेवर, मागची बाजू पुढच्या लाटेवर, आणि बोट मधल्या खड्ड्यात. आणखी वेग घ्यायला गेलात तर मागची लाट बोटीच्याही मागे सरकते, मागची बाजू खाली बसते आणि बोट स्वतःच्याच लाटेचा चढ चढायला लागते. कायमचा घाट! सपाटी कधी येतच नाही.

ही मर्यादा काढायचं एक साधं सूत्र आहे. बोटीचा पाण्याला टेकलेला भाग किती फूट लांब, त्याचं वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा. उत्तर नॉटमध्ये येतं. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, १.८५ किलोमीटर.

- २५ फुटांची बोट: ६.७ नॉट
- ३६ फुटांची बोट: ८ नॉट
- ६४ फुटांची बोट: १०.७ नॉट
- १०० फुटांची बोट: १३.४ नॉट

म्हणजे नुसती लांबी वाढली तरी वेग स्वस्त होतो. ही काही लक्ष्मणरेषा नव्हे, ती ओलांडता येते. पण पाणी कापत जाणाऱ्या साध्या बोटीला ती ओलांडायचा खर्च भयंकर पडतो. या मर्यादेच्या खालीसुद्धा लागणारी ताकद वेगाच्या साधारण घनाने वाढते. वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट, आणि दर मैलाला इंधन चौपट. आता उलटं वाचा: वेग थोडासा कमी केला तर बचत मोठी होते. मच्छीमारांना हे कुठल्याही सूत्राशिवाय माहीत आहे. दर्यावर जाताना ते उगाच थ्रॉटल ताणत नाहीत.

कापत जायचं की घसरत जायचं?

मग स्पीडबोट एवढी कशी पळते? कारण ती खड्ड्यातून बाहेर पडते. तिचा तळ मागच्या बाजूला सपाट आणि रुंद असतो, शेवट काटकोनात कापलेला. वेग वाढला की पाणी त्या तळाला खालून वर ढकलतं, बोट उचलली जाते आणि पाण्यावर घसरू लागते. इंग्रजीतून आलेला शब्द आहे प्लेनिंग. नदीत चपटा दगड भिरकावला की तो टप्पे घेत जातो, तसंच काहीसं. ओला भाग कमी, लाटही लहान, म्हणून वेग.

पण त्या दगडाला आधी वेग द्यावा लागतो. बोटीलाही बुडण्यापासून घसरण्यापर्यंत जाताना एक उंचवटा पार करावा लागतो. नाक आभाळाकडे, चालवणाऱ्याला समोरचं दिसत नाही, इंजिन ओरडतंय, मागे मोठी लाट. पंचवीस फुटी बोटीला हा टप्पा साधारण आठ-नऊपासून तेरा-चौदा नॉटपर्यंत जाणवतो. दर मैलाला सगळ्यात जास्त इंधन इथेच जळतं. म्हणून स्पीडबोट एकतर अगदी हळू चालवावी, नाहीतर नीट उचलून चालवावी. 'मध्यम स्पीडने चालवतो, म्हणजे इंधन वाचेल' हा गाडीवाला हिशोब इथे उलटा पडतो.

आता मालवणच्या बोटीकडे येऊ. फोटोत स्पष्ट दिसत होतं: तळ गोलसर, आणि मागे जाताना वर वळलेला. ही पाणी कापत जाणारी बोट आहे. संथ चालीला उत्तम, लाटेत भरवशाची. पण मागचा वर वळलेला तळ वेगात पाण्याला वर खेचतो आणि पाणी त्याला खाली. ताकद वाढवली की मागची बाजू अजून खोल बसणार. घसरायला लागणारा तळच तिच्याकडे नाही.

कागदावर मांडून बघा. पेट्रोल आउटबोर्ड इंजिन पूर्ण थ्रॉटलला दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण ०.३८ लिटर पितं, असा बोटवाल्यांचा जुना ठोकताळा आहे.

- ४० चं इंजिन, तासाला १५ लिटर, बोट ७ नॉटने. सागरी मैलाला २.१ लिटर.
- त्याच बोटीला ११५ चं इंजिन, तासाला ४३ लिटर, बोट फार तर ९ नॉटने. मैलाला ४.८ लिटर.
- तेच ११५ चं इंजिन, पण माणसांसकट दोन टन वजनाच्या, घसरणाऱ्या तळाच्या बोटीला. तासाला तेच ४३ लिटर, वेग २३ नॉटच्या आसपास. मैलाला १.९ लिटर.

दुसरी आणि तिसरी ओळ परत वाचा. इंजिन तेच, पेट्रोल तेच, फक्त तळ वेगळा. मैलाला लागणारं इंधन निम्म्याहून कमी आणि वेग अडीचपट. आणि पहिली ओळही सोडू नका: या बोटीचा पाचेक नॉटला खर्च आणखी खाली येतो.

म्हणून श्रोत्यांना मी एवढंच कळवलं की कर्ज काढून या बोटीला मोठं इंजिन लावू नका. संथ फेऱ्यांचा धंदा करायचा तर बोट चांगली आहे, तिचं वजन आणि प्रोपेलर बघा. वेगाचाच धंदा करायचा असेल तर पैसे बोटीत घाला. शिवाय ४० साठी बांधलेल्या मागच्या फळीवर ११५ चं वजन आणि जोर टाकणं हा सुरक्षेचा प्रश्न आहे. बोटीत माणसं बसणार आहेत. असा कुठलाही बदल करण्याआधी महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाच्या सर्व्हेअरला विचारलंच पाहिजे.

तळहात जोडून बघा

घसरणारा तळ घ्यायचा ठरला, तरी तो किती सपाट? दोन्ही तळहात करंगळ्यांशी जोडा आणि टेबलावर उघडे ठेवा. हा झाला सपाट तळ. आता तळहात थोडे वर उचला, व्ही तयार होतो. हा कोन म्हणजे बोटीचा स्वभाव.

सपाट तळाला पाणी छान उचलतं, इंधन कमी लागतं. पण जरा लाट आली की धाडधाड आपटतो. कंबर आणि बोट, दोन्ही कामातून जातात. खोल व्ही लाटेत सुरीसारखा शिरतो, आपट मऊ होते, पण उचलायला ताकद जास्त लागते. अमेरिकन डिझायनर रेमंड हंटने साधारण २४ अंशांचा खोल व्ही वापरला. त्या आकाराच्या 'मॉपी' नावाच्या बोटीने १९६० ची मायामी ते नसाऊ शर्यत खवळलेल्या समुद्रात जिंकली आणि तो आकार जगभर गेला. खाडीत फिरणाऱ्याला एवढ्या खोल व्हीची गरज नसते. त्याला १४ ते १८ अंशांचा मधला कोन पुरतो. उघड्या समुद्रात रोज जाणाऱ्याने मात्र थोडं इंधन जास्त गेलं तरी खोल व्हीच घ्यावा. कारण आपटायला लागलं की चालवणारा वेग कमी करतोच, आणि बोट त्या महागड्या उंचवट्यात जाऊन बसते.

तळावरच्या लांब पट्ट्या पाहिल्यात? त्या शोभेच्या नाहीत. वर चढणारं पाणी त्या बाजूला उडवतात, म्हणजे ओला भाग कमी होतो. काही वेगवान बोटींच्या तळाला आडव्या पायऱ्या असतात. पायरीमागे हवा शिरते आणि घर्षण घटतं. पण अशी बोट जोरात वळवताना मागची बाजू अचानक निसटू शकते, म्हणून ती शिकलेल्या हातातच बरी.

दोन सडपातळ की एक जाडा?

मोठ्या लाटेतून सुटायची आणखी एक युक्ती आहे: बोट इतकी सडपातळ करायची की लाटच फारशी उठत नाही. पण सडपातळ बोट कलंडते. मग अशा दोन घ्यायच्या आणि वर डेक टाकून जोडायच्या. ही झाली कॅटमरान. मुंबईहून गेटवे ते मांडवा गेला असाल, तर बसला असाल. नव्वदच्या दशकात दमानिया कंपनीची कॅटमरान मुंबईहून पणजीला सात-आठ तासांत पोचायची, ती आठवणारेही श्रोते असतील. मांडव्याच्या वाटेवर मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रोही चालते. तिला गाड्या वाहायच्या असतात, म्हणून तिचा आकार वेगळा, चाल निवांत आणि लांबीचा फायदा पुरेपूर.

कॅटमरानचा तोटा? दोन पोटं म्हणजे ओला भाग जास्त, त्यामुळे अगदी संथ चालीला ती खास स्वस्त नाही. आणि वजन तिला सोसत नाही. जास्त माणसं भरली की सडपातळपणा गेला.

तिकिटावर याचा परिणाम कसा होतो, ते बघायचं तर बेलापूर. १७ फेब्रुवारी २०२२ ला मुंबई–बेलापूर वॉटर टॅक्सी सुरू झाली, तेव्हा दोन्ही प्रकार एकाच मार्गावर होते. स्पीडबोट अर्ध्या तासात, तिकीट आठशे ते बाराशे रुपये. कॅटमरान पाऊण तासाच्या आसपास, तिकीट २९० रुपये. सगळा फरक तळाचाच नाही. स्पीडबोटीत १० ते ३० माणसं, कॅटमरानमध्ये ५६, म्हणजे खर्चाची वाटणी वेगळी. पण जास्त माणसं, मध्यम वेग आणि परवडणारं इंधन हे एकत्र बसवायला आकारच लागतो. पंधरा मिनिटं वाचवायला रोज पाचशे ते नऊशे रुपये जास्त कोण देईल? चाकणच्या कंपनी बसमध्ये विचारा, उत्तर मिळेल.

खाडीत आणखी एक अडचण असते: उथळ पाणी. पाणी तीन मीटर असेल तर साधारण साडेदहा नॉटच्या जवळ लाटेचा विरोध एकदम वाढतो आणि बोट खाली बसते. वर मोठी लाट काठावर जाते, तिवरांच्या मुळांवर आणि कुणाच्या तरी लहान होडीवर आदळते. म्हणून खाडीतली चांगली बोट ती, जी मागे कमी पाणी हलवते. २०२३ मध्ये सुरू झालेली कोची वॉटर मेट्रो बघा. बॅटरीवर चालणाऱ्या ॲल्युमिनियमच्या कॅटमरान, चाल साधारण आठ नॉटची. बॅटरी जड आणि महाग असते, म्हणून तिथे आधी आकार आणि वेग ठरवावा लागतो. इंधनाची टाकी मोठी करून चूक झाकता येत नाही.

आपल्या हातातलं

ज्यांची बोट आहे, किंवा नात्यात कुणाची आहे, त्यांनी एवढं बघा.

एक, वजन. घसरणाऱ्या बोटीचं वजन दहा टक्के वाढलं की वेग साधारण पाच टक्के जातो, आणि वेग दहा टक्के वाढवायला एकवीस टक्के ताकद लागते. फायबरचं काम आपल्या पट्ट्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. हाताने थापताना रेझिन जास्त झालं की मजबुती वाढत नाही, वजन मात्र वाढतं. बोट घेताना जाडीपेक्षा काम बघा.

दोन, माणसं कुठे बसतात. घसरताना तळ पाण्याशी ३ ते ५ अंशांत राहिला की विरोध सगळ्यात कमी. सगळे मागे बसले तर नाक वर, सगळे पुढे तर ओला भाग जास्त. सामान हलवणं फुकट आहे, ते आधी करा.

तीन, तळाची सफाई. शेवाळ आणि कवचवाले जीव चिकटले की गुळगुळीत तळाची खरवड होते. पावसाळ्यात बोट वर ओढली की घासा आणि चांगला रंग द्या. या खर्चाची इंधनातली परतफेड सगळ्यात लवकर दिसते.

चार, प्रोपेलर. इंजिन कंपनीने सांगितलेल्या आरपीएमपर्यंत पूर्ण थ्रॉटलला पोचतं का ते बघा. पोचत नसेल तर पंखा भारी आहे, सहज ओलांडत असेल तर हलका.

आणि पाचवं, जे खरं तर पहिलं. बोट वर्षभर कोणत्या वेगाने चालणार आहे, ते प्रामाणिकपणे लिहून काढा. जाहिरातीतला वेग नको, रोजचा. सहा-सात नॉट असेल तर लांब, सडपातळ आणि हलकी बोट, छोटं इंजिन. वीस असेल तर घसरणारा तळ. दोन्हींच्या मधला वेग सतत लागणार असेल तर लांबी वाढवा किंवा कॅटमरान बघा.

आपण इथे दिवसभर इंजिनं, गिअर आणि ब्रेक बनवतो, त्यामुळे वेग म्हटलं की आपला हात इंजिनाकडे जातो. पाण्यावर इंजिन फक्त बिल भरतं. ते बिल किती येणार, हे तळाच्या आकाराने आधीच ठरवलेलं असतं.

पुढच्या भागात प्रोपेलरबद्दल सविस्तर बोलू, कारण त्यावर प्रश्न येणार हे मला आत्ताच दिसतंय. तोपर्यंत मांडव्याला किंवा मालवणला गेलात तर बोटीच्या मागच्या पाण्याकडे नक्की बघा, आणि तुम्हाला काय दिसलं ते कळवा. भेटू!